दिव्यांच्या रेघा, बिनदिव्याची वाहने

लातूरच्या गंजगोलाईत रात्री साडेदहाच्या सुमारास तिपाईवर कॅमेरा लावून उभे राहिले, की पाच-दहा मिनिटांत कोणीतरी येऊन चौकशी करतेच. एकदा गाडा आवरत असलेल्या चहावाल्याने विचारले होते, "काय काढायलाव सर? गाड्या तर निघून चालल्या की." प्रश्न अगदी नेमका होता. मी निघून गेलेल्या गाड्यांचेच चित्र काढत होतो. कॅमेऱ्याचे शटर वीस सेकंद उघडे होते. तेवढ्या वेळात समोरून जी दुचाकी, जी रिक्षा, जी जीप गेली, तिने आपल्या दिव्याने चित्रात एक रेघ ओढली आणि ती स्वतः मात्र चित्रात उरली नाही. शटर मिटल्यावर मागच्या पडद्यावर जे उमटले ते चहावाल्याला दाखवले. पांढऱ्या-तांबड्या रेघांचे गोलाईभोवती पडलेले कडे त्याने पाहिले, थोडा वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "अन् माझा गाडा कुठाय?" गाडा होता. स्पष्ट होता, कारण तो हलला नव्हता. चहावाला मात्र त्यात नव्हता. तो त्या वीस सेकंदांत कपबश्या गोळा करत फिरत होता.

रात्रीच्या वाहतुकीच्या प्रकाशरेघांची ही छायाचित्रे आता सर्वांच्या परिचयाची आहेत. दिनदर्शिकांवर, बँकांच्या जाहिरातींत, 'प्रगतिपथावरील शहर' अशा मथळ्यांखाली ती सर्रास दिसतात. ती सुंदर असतात यात वाद नाही. पण ती वाचायची कशी, हे फारसे कोणी सांगत नाही. या चित्रात काय उरते आणि काय पुसले जाते याचा एक पक्का नियम आहे. तो समजून घेतला, की नांदेड आणि लातूर या दोन शहरांची आणि त्यांच्यामधल्या रस्त्याची चित्रे वेगळ्याच गोष्टी सांगू लागतात.

नियम छायाचित्रणाइतकाच जुना आहे. लुई दागेर याने १८३८ मध्ये पॅरिसमधल्या एका रुंद रस्त्याचे चित्र आपल्या खिडकीतून घेतले. रस्ता वर्दळीचा, घोडागाड्यांनी भरलेला होता. पण त्या काळच्या पत्र्यावर प्रतिमा उमटायला काही मिनिटे लागत. तेवढ्या वेळात जे जे हलले ते ते विरून गेले आणि चित्रात रस्ता ओसाड दिसला. कोपऱ्यात एकच माणूस उरला, कारण तो बूट पॉलिश करून घेण्यासाठी एका जागी उभा होता. तारयंत्राचा संशोधक मोर्स याने १८३९ मध्ये हे चित्र पाहिले आणि गर्दीचा रस्ता असा निर्मनुष्य कसा दिसतो याबद्दल मायदेशी लिहून कळवले. छायाचित्रात दिसलेला पहिला माणूस म्हणून त्या अनामिकाचा उल्लेख आजही होतो.

यामागे साधा हिशेब आहे. माणूस तासाला चार किलोमीटर चालतो असे धरले, तर सेकंदाला तो सव्वा मीटरपेक्षा थोडे कमी अंतर कापतो. त्याच्या शरीराची रुंदी अर्धा मीटर धरू. म्हणजे रस्त्यावरच्या कोणत्याही एका बिंदूसमोर तो अर्ध्या सेकंदाहून कमी काळ असतो. शटर वीस सेकंद उघडे असेल, तर उरलेल्या साडेएकोणीस सेकंदांत त्याच्या मागची भिंत किंवा दुकानाची फळीच कॅमेऱ्यापर्यंत पोहोचत राहते. चित्रात त्याचा वाटा दोन टक्क्यांच्या आसपास. डोळ्याला तो जाणवतच नाही. याला अपवाद एकच, स्वतःचा दिवा असलेली वस्तू. दिव्याचा प्रकाश भोवतालच्या अंधारापेक्षा कित्येक पटींनी जास्त असतो. त्यामुळे तो एखाद्या बिंदूवर क्षणभर जरी आला तरी तिथे खूण सोडून जातो. दिवाळीत पोरे पेटत्या फुलबाजीने अंधारात आपले नाव लिहितात, तेव्हा हेच घडत असते. डोळा पहिले अक्षर शेवटच्या अक्षरापर्यंत धरून ठेवू शकत नाही. कॅमेरा धरून ठेवतो.

ही रेघ सुरुवातीला सौंदर्यासाठी नव्हती, मोजमापासाठी होती, हे मला महत्त्वाचे वाटते. फ्रान्समध्ये एत्येन-ज्यूल मारे याचा सहकारी जॉर्ज देमनी याने १८८९ मध्ये चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांना छोटे विजेचे दिवे बांधले आणि अंधारात शटर उघडे ठेवून त्याची चाल टिपली. अमेरिकेत फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या दांपत्याने १९१४ च्या सुमारास कामगारांच्या बोटांना दिवे बांधून त्यांच्या हालचालींच्या रेघा टिपल्या. दिव्याचा वीजप्रवाह ठरावीक गतीने तोडत राहिले, की सलग रेघेऐवजी ठिपके उमटतात. ठिपके दूर-दूर असले तर हात वेगात, जवळ-जवळ असले तर संथ. कामगाराच्या हातातून अधिक काम कसे काढून घ्यायचे यासाठी ती सगळी खटपट होती, हेही सांगायला हवे. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' करण्याआधी वाटाण्याचे रोप उगवताना टिपले होते. त्यांची रीत बरोबर उलटी. त्यांनी काळाचे तुकडे करून ते पुढे-मागे मांडले. उघड्या शटरवाला तेच तुकडे एकावर एक रचतो.

गिलब्रेथ यांचे ठिपके आजही रस्त्यावर सापडतात. वळणारे वाहन बाजूचा दिवा लावते तेव्हा तो मिनिटाला साधारण ६० ते १२० वेळा लुकलुकतो. चित्रात त्याची तुटक पिवळी रेघ येते. मिनिटाला ९० लुकलुक धरली आणि गाडीचा वेग ताशी ४० किलोमीटर असला, तर दोन तुकड्यांमध्ये सव्वासात मीटरच्या वर अंतर पडते. तुकडे त्याहून लांब पडले असतील, तर चौकात वळताना गाडी किती जोरात होती ते चित्रच सांगते. काही नव्या मोटारींचे एलईडी दिवे सेकंदाला शेकडो वेळा बंद-चालू होतात. डोळ्याला ते कळत नाही, पण कॅमेऱ्याजवळून गेलेल्या गाडीची तांबडी रेघ नीट पाहिली तर ती बारीक टाक्यांची शिवण असल्यासारखी दिसते.

आता थोडे तंत्र. नवखे लोक इथे एक ठरलेली चूक करतात. रेघा फिकट आल्या, की ते शटर आणखी वेळ उघडे ठेवतात. त्याने रेघा उजळ होत नाहीत. पुढे सरकणारा दिवा प्रत्येक बिंदूवर ठरावीक क्षणभरच असतो. शटर दहा सेकंद उघडे असो की तीस, त्या बिंदूवर पडणारा त्याचा प्रकाश तेवढाच. वेळ वाढवल्याने रेघांची संख्या आणि लांबी वाढते आणि उजळते ती पार्श्वभूमी, म्हणजे इमारती, झाडे, आकाश. रेघेची उजळता ठरते ती भिंगाच्या छिद्रावर, आयएसओवर आणि वाहनाच्या वेगावर. म्हणून आधी छिद्र रेघांसाठी ठरवावे, मग वेळ शहरासाठी. आयएसओ १००, छिद्र एफ ११ च्या आसपास आणि वेळ १५ ते ३० सेकंद, इथून सुरुवात करावी. बटण बोटाने न दाबता दोन सेकंदांचा टायमर लावावा. पॅरिसची रात्र टिपणारा ब्रासाई किती वेळ शटर उघडे ठेवायचे हे सिगारेटवर मोजायचा. उजेड बरा असेल तर एका जातीची, अंधार जास्त असेल तर जाड, सावकाश जळणारी. बिडीचा असा हिशेब आपल्याकडे कोणी मांडल्याचे मला आढळले नाही.

चौकात सिग्नल असेल तर हिरवा लागल्यावर शटर उघडावे. तांबड्यावर थांबलेल्या गाड्यांचे मागचे दिवे एकाच जागी जळत राहतात आणि चित्रात त्यांचे फुगलेले डाग पडतात. सिग्नलचा खांब चित्रात असला तर अर्ध्या मिनिटात तिन्ही रंग पेटलेले दिसू शकतात. पुष्कळ हौशी मंडळी ते नंतर संगणकावर पुसतात. मी पुसत नाही.

रेघा वाचायला शिकणे ही खरी मौज. आपण डावीकडून वाहन चालवतो, म्हणून पुलावर उभे राहून रस्त्याच्या दिशेने पाहिले, की डावी बाजू तांबडी आणि उजवी पांढरी. अमेरिकेतल्या चित्रांत हे उलटे असते. एखाद्या जाहिरातीतले 'आपले शहर' मुळात कुठले आहे, ते यावरून चटकन कळते. मोटारीच्या दोन समांतर रेघा, दुचाकीची एक. १ एप्रिल २०१७ पासून देशात नव्या दुचाकींचा पुढचा दिवा इंजिन चालू होताच आपोआप लागतो. त्याआधी रात्रीसुद्धा दिवा न लावता गल्लीतून जाणारी मोटारसायकल चित्रातून निसटायची. आता ती निसटत नाही. जुन्या दिव्यांची रेघ पिवळसर, नव्या एलईडी दिव्यांची निळसर पांढरी. रस्त्यावरच्या सोडियम दिव्यांचा नारिंगी रंगही जागोजागी मागे पडत चालला आहे. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची रात्रीची चित्रे आणि आजची शेजारी ठेवली, तर शहराने रंगच बदलला असे वाटते. त्या आधीच्या दशकातल्या भारनियमनाच्या रात्रींची तर गोष्टच वेगळी. पथदिवे बंद, दुकाने बंद, आणि काळ्या कागदावर फक्त वाहनांच्या रेघा. तशी चित्रे आज कोणाच्या कपाटात असतील तर ती जपून ठेवावीत.

गंजगोलाई रेघांसाठी जणू आखलेली जागा आहे. नगररचनाकार फैयाजुद्दीन यांच्या आराखड्यावरून १९१७ मध्ये ही दुमजली वर्तुळाकार वास्तू उभी राहिली. मध्ये अंबाबाईचे मंदिर, आणि भोवती येऊन मिळणारे सोळा रस्ते. एकेका रस्त्यावर एकेक बाजार, सोन्याचांदीपासून मिरची-गुळापर्यंत. लातूर तेव्हा निजामाच्या राज्यात होते, आणि या सोळा रस्त्यांनी मालाच्या बैलगाड्या येत. गोलाईची रुंदी त्या गाड्यांच्या मापाची आहे. म्हणून आज तिथे रात्री दहापर्यंत चांगली रेघ मिळतच नाही. गर्दीत वाहने थांबत-सरकत जातात, रेघेच्या जागी गाठी येतात. दुकानांची शटरे पडली, की अर्धा-पाऊण तास रस्ता मोकळा वाहतो. तेव्हा एखाद्या गच्चीवरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरणारे कडे आणि त्यातून बाजूच्या रस्त्यांत सुटणारे फाटे असे चित्र मिळते. बैलगाडीवाले पूर्वी रात्री गाडीच्या खाली आसापाशी कंदील टांगत. त्या डुलत्या कंदिलाची रेघ कशी आली असती, लाटेसारखी, हा विचार मला तिथे दर वेळी येतो.

नांदेडचा प्रश्न वेगळा. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीच्या निमित्ताने शहरातले रस्ते रुंद झाले, आणि रुंद, दुभाजक असलेल्या रस्त्यावर तांबडे-पांढरे प्रवाह स्वच्छ वेगळे पडतात. गोदावरीवरच्या पुलांमुळे पाण्यातले प्रतिबिंब मिळते. गोवर्धन घाटाच्या बाजूने पाणी संथ असताना रेघ खाली दुसऱ्यांदा उमटते, किंचित थरथरलेली. पण खुद्द पुलावर तिपाई लावली आणि जड ट्रक गेला, तर पूल हलतो आणि त्या क्षणी चित्रातली प्रत्येक रेघ दातेरी होते. ट्रक येताना दिसला, की भिंगासमोर काळे पुठ्ठे धरावे आणि कंप थांबल्यावर काढावे. शटर उघडेच राहते, फक्त तेवढा काळ चित्रात मोजला जात नाही. सचखंड गुरुद्वाराच्या परिसरात अडचण उजेडाची. रोषणाईतला घुमट वीस सेकंदांत जळून सपाट पांढरा होतो. तिथे इमारतीसाठी एक थोड्या वेळाचे आणि रस्त्यासाठी एक दीर्घ, अशी दोन चित्रे घेऊन जोडावी लागतात.

पण मला सर्वांत जास्त शिकवले ते या दोन शहरांमधल्या रस्त्याने. लातूरहून आष्टामोड, चाकूर, शिरूर ताजबंद, अहमदपूर, लोहा असा नांदेडला जाणारा हा राष्ट्रीय महामार्ग ३६१. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचा गाळप हंगाम सुरू होतो आणि या रस्त्यावर, त्याला मिळणाऱ्या वाटांवर, उसाच्या टायरगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर दिसू लागतात. एका चढाच्या बाजूला, रस्त्यापासून दूर शेताच्या बांधावर तिपाई लावून मी तीस सेकंदांचे चित्र घेतले होते. वर चढत जाणाऱ्या तांबड्या रेघा सुरेख आल्या होत्या. घरी येऊन मोठ्या पडद्यावर पाहिले तेव्हा त्या सरळ नाहीत असे दिसले. एक रेघ एका जागी उजवीकडे फुगून परत डावीकडे आली होती. दुसरी तशीच, पण थोडे पुढे. तिसरी आणखी पुढे. ज्याला वळसा घालून त्या गेल्या होत्या ते चित्रात कुठेच नव्हते.

खड्डा असता तर सगळ्या रेघा एकाच ठिकाणी फुगल्या असत्या. बसलेले जनावर किंवा बंद पडलेला ट्रक असता तरी तसेच. फुगवटा पुढे पुढे सरकत होता, म्हणजे अडथळा स्वतः पुढे सरकत होता, सावकाश. ती उसाची ट्रॉली होती. मी ती डोळ्यांनी पाहिली होती आणि विसरलो होतो. ताशी दहा किलोमीटरने चालणारे वाहन तीस सेकंदांत ऐंशी मीटरच्या वर जाते. त्याच्या मागे दिवा नव्हता. ट्रॅक्टरचे पुढचे दिवे चालू होते, पण मागून पाहणाऱ्यापासून ते उसाच्या ढिगाने झाकले होते. बारकाईने शोधल्यावर एका रेघेत बोटभर काळी तूट सापडली. त्या क्षणी एका मोटारीचा दिवा ट्रॉलीच्या पलीकडे गेला होता. चित्रात ट्रॉलीची म्हणून एवढीच खूण.

इथे घाईने निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. चित्रात जे दिसत नाही ते चालकालाही दिसत नाही, असे म्हणावेसे वाटते. ते पूर्ण खरे नाही. ट्रेलरसह सर्व मोटार वाहनांच्या मागे तांबडे परावर्तक असणे नियमाने सक्तीचे आहे, आणि परावर्तकाचा गुण असा, की प्रकाश ज्या दिशेने आला त्याच दिशेने तो परत पाठवतो. मागून येणाऱ्या चालकाला तो चमकताना दिसेल. बाजूच्या बांधावरच्या कॅमेऱ्याला दिसणार नाही. तेव्हा माझ्या चित्रातली पोकळी हा त्या ट्रॉलीवर परावर्तक नव्हता याचा पुरावा होऊ शकत नाही. पुरावा रेघांमध्ये आहे. वळसा कुठे सुरू झाला ते पाहावे. ज्या चालकाला अडथळा लांबून दिसला त्याची रेघ आधीपासून हळूहळू उजवीकडे सरकते. ज्याला उशिरा दिसला त्याची रेघ सरळ जाऊन एकदम तुटक कोन करते. त्या चित्रातल्या तीनपैकी दोन रेघा सावकाश वळल्या होत्या. तिसरी कोन करून, रस्त्याचा मध्य ओलांडून पलीकडच्या बाजूला गेली होती. पलीकडून त्या अर्ध्या मिनिटात पांढरी रेघ एकही आली नव्हती.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतली १५ हजारांहून अधिक महाराष्ट्रात. ही केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाची आकडेवारी. आकड्यांतून रेघ दिसत नाही. रेघेतून आकडा दिसत नाही. पण एखाद्या वळणावर महिन्याभर रात्री ठरलेल्या वेळी ठरलेल्या जागेवरून अशी चित्रे घेतली, तर वाहने कुठे दचकतात याचा नकाशा तयार होईल, आणि त्याला लागणारा खर्च कॅमेरा, तिपाई आणि चिकाटी एवढाच. गिलब्रेथ दांपत्याने ही रीत कारखान्यात वापरली. रस्त्यासाठी ती अधिक शोभेल असे मला वाटते.

असे कोणी करणार असेल तर दोन व्यावहारिक सूचना. रस्त्याच्या कडेला उभे राहून चित्र घेऊ नये. अंधारात काळ्या कपड्यांत उभा असलेला छायाचित्रकार हेसुद्धा बिनदिव्याचेच वाहन. परावर्तक पट्ट्यांचे जाकीट घालावे, ते चित्रात येत नाही. आणि ट्रॉली दिसावी म्हणून फ्लॅश मारू नये. चालकाचे डोळे दिपतात. त्याऐवजी दीर्घ चित्रानंतर लगेच आयएसओ वाढवून एक झटपट चित्र घ्यावे. ते खरखरीत येते, सुंदर नसते, पण मागच्या मोटारीच्या उजेडात उसाच्या मोळ्या, वर खोचलेले वाढे आणि ढिगावर बसलेला माणूस त्यात दिसतो. दोन्ही चित्रे एकाखाली एक छापावीत. मासिके वरचे घेतात आणि खालचे परत पाठवतात, हा माझा अनुभव.

बिनदिव्याची ही वाहने दीर्घ चित्रात ठळक दिसतात अशी जागा मला पुढे एका साखर कारखान्याच्या गाडीतळावर सापडली. वजनकाट्याकडे जाणारी रांग मध्यरात्री तासन् तास हलत नाही. वर दिव्यांचे खांब. मी पंचवीस सेकंद शटर उघडे ठेवले. गव्हाणीकडे धावपळ करणारे, नंबराची चिठ्ठी घेऊन फिरणारे, चहाच्या टपरीवर ये-जा करणारे कोणीच आले नाही. ट्रॉल्या आल्या, एकामागे एक, पेऱ्यापेऱ्यासकट. तिसऱ्या ट्रॉलीच्या चाकाला टेकून, डोक्याला उपरणे गुंडाळून एक चालक झोपला होता. तो आला, अगदी बुटाच्या नाडीपर्यंत.